मामांची गोळी

हरणाच्या शिकारीला कोणती गोळी योग्य, हा प्रश्न भिवंडीच्या माणसाला पडण्याचं काही कारण नाही. भिवंडीत यंत्रमाग आहेत, गोदामं आहेत, गोदामांकडे जाणारे ट्रक आहेत आणि त्या ट्रकांना पोटात घेणारे खड्डे आहेत. हरीण नाही. एखादं चुकून आलंच, तर मानकोली नाक्यावर दोन कंटेनरच्या मधे अडकून पडेल. त्याला मारायला गोळी लागणार नाही, कंटाळाच पुरेल. असं असताना आमच्या मामांच्या ओटीवर दर रविवारी सकाळी साडेनऊपासून मामी ‘पानं घेतली’ म्हणेपर्यंत याच एका प्रश्नावर चाळीसेक वर्षं चर्चा चालली. संसदेत इतका वेळ अर्थसंकल्पालाही मिळत नाही.

मामा शाळेत गणिताचे मास्तर. गणिताच्या मास्तरांच्या घरी रायफल आहे, ही बातमी शाळेत पसरली तेव्हा त्यांच्या वर्गाचा निकाल सुधारला असं म्हणतात. रायफल आली ती मात्र अगदी साध्या कारणानं. आजोबांची वाडा तालुक्यात भाताची खाचरं होती आणि पीक हाताशी आलं की रानडुकरं आमच्याआधी हजर व्हायची. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. तीत आधी दारू ठासायची, मग चिंध्या ठासायच्या, मग छर्रे ठासायचे आणि हे सगळं यथासांग पार पडेतो डुक्कर जेवून, हात धुऊन, पानसुपारी घेऊन निघून गेलेलं असायचं. तेव्हा १९६२ साली आजोबांनी मामांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना काढला आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल घरात आली. घरातल्या सुनांचं आलं नसेल इतकं तिचं कौतुक झालं. मामी त्याच वर्षी लग्न होऊन आल्या, त्यामुळे ही तुलना मी करत नसून मामीच करतात.

बंदुकीचा परवाना असणं ही काय चीज आहे हे ज्याच्याकडे ती आहे त्यालाच कळतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी. शिवाय निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि नगरपालिकेची महापालिका झाल्यावर महापालिका. आपल्याकडे निवडणुकांची सुगी बारमाही, त्यामुळे ती रायफल बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीसारखी बराच काळ ठाण्यातच असायची. मामा तिला सोडायला जाताना तेलपाणी करून, जुन्या चादरीत गुंडाळून नेत आणि परत आणली की नळीत डोळा घालून बघत. ‘आबाळ केलीय पोरीची,’ असं एकदा म्हणालेले मी स्वतः ऐकले आहे.

आता मुख्य विषय. गोळी निवडणं म्हणजे दुकानात जाऊन ‘एक डझन द्या’ म्हणण्याचं काम नव्हे, हे मामांचं पहिलं प्रमेय. दुसरं प्रमेय असं की ‘हरीण’ या नावाचा एकच प्राणी धरून चालणं हा अडाणीपणा. आपल्याच रानात पिसोरी आहे. तिला लोक हरीण म्हणतात, पण ती खऱ्या हरणांच्या गोतातलीही नाही आणि वजनाला जेमतेम तीन किलो, म्हणजे दिवाळीच्या फराळाच्या डब्याएवढी. भेकर वीस-पंचवीस किलोचं. चितळाचा नर सत्तर-ऐंशीचा. आणि सांबर दोनशेच्या पुढे, हाडापेरानं बैलाच्या जवळपास. काळवीट आणि चिंकारा ही तर कुरंगाची जात. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, त्यांची जन्मभर टिकतात. ‘आता सांग, या सगळ्यांना एकच गोळी कशी चालेल? तू पहिलीतल्या पोराला आणि मॅट्रिकच्या पोराला एकच गणित घालशील का?’ मामांच्या वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्यांचं म्हणणं, मामा तसंच घालत.

तिसरं प्रमेय वजनाचं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा; पूर्वी विलायतेत दाण्यांनी तोलत, तसे आपण गुंजांनी तोलत होतो. मामांच्या .३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेनची. अमेरिकेत हरणांच्या शिकारीत गाजलेल्या .३०-०६ ला दीडशेपासून १८० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या लोक पसंत करतात. आणि कॉर्बेटसाहेबांच्या हातातल्या .२७५ रिग्बीची १४० ग्रेनची.

‘आणि १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर किती, माहीत आहे?’ मामा विचारायचे. ‘एक तोळा! १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो १८० ग्रेनचाच.’

हे वाक्य आलं की आतून मामींचा आवाज यायचा, ‘म्हणजे तुमची ती गोळी दीड तोळ्याला थोडीच कमी. शिशाची घेतलीत ना? घ्यायचीच होती तर...’ पुढचं वाक्य मामी कधी पुरं करत नसत. बांगड्यांचा आवाज करून सोडून देत. सीतेनं सोन्याचं हरीण मागितलं, आमच्या मामी नुसतं सोनं मागत होत्या, इतकाच फरक.

चौथं प्रमेय टोकाचं, आणि इथं प्रात्यक्षिक असे. प्रात्यक्षिकाला साहित्य दोनच वस्तू: पेढा आणि सुपारी. गोळीच्या आत शिसं असतं आणि वर तांब्यासारख्या धातूचं वेष्टण. वेष्टण टोकापर्यंत पूर्ण असलं की ती कडक टोकाची. टोकाला शिसं उघडं ठेवलं की मऊ टोकाची, सॉफ्ट नोज. मामा सुपारी हातात घेऊन म्हणायचे, ‘ही कडक. ही हरणाच्या अंगात शिरते आणि पलीकडून निघून जाते. शिंप्याची सुई कापडातून जाते तशी. हरणाला भोक पडतं, पण हरीण पळतं.’ मग पेढा ताटलीवर अंगठ्यानं दाबायचे. ‘आणि ही मऊ. आत शिरली की अशी अळंब्यासारखी पसरते. सगळा जोर आतच खर्च करते. हरीण जागच्या जागी बसतं.’ एवढं झाल्यावर तो पेढा पुरावा म्हणून मामाच खाऊन टाकत. मामांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोड फार खाता का? मामा म्हणाले, छे, फक्त प्रात्यक्षिकापुरतं.

या सिद्धान्ताला विरोधी पक्षही होता. पलीकडच्या मोहल्ल्यातले एक चाचा दर रविवारी ओटीवर यायचे. चाचांचे बारा माग होते आणि त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी होती. हा आकडा त्यांना लाभतो असं ते म्हणत. दुनळीच्या दस्त्याला कधीकाळी चीर गेली होती. चाचांनी ती दुरुस्तीला न टाकता मागावरचं हिरवं सूत घट्ट गुंडाळून सांधली होती. ‘आपल्या कारखान्याचा माल आहे मास्तर, बंदूक तुटेल, धागा तुटणार नाही.’

चाचांचा पक्ष छऱ्र्यांचा. खडकीच्या कारखान्यातली एल.जी.ची काडतुसं, आत बोटांवर मोजता येतील इतके जाड दाणे.

‘मास्तर, खरं सांगू का? तुमची गोळी एक. चुकली तर चुकली. माझे दाणे इतके, की एक तरी लागतोच.’

‘लागतो, तेच वाईट शेठ,’ मामा म्हणायचे. ‘एक दाणा लागलेलं हरीण पुढं कुठं जाऊन मरतं, ते तुम्हाला कुठं दिसतं?’

यावर चाचा मिशीतून हसत आणि मामींना हाक मारत, ‘भाभी, चहा! मास्तरांना हरणाचा फार कळवळा आलाय.’

चर्चा रंगली की मामा इतिहासात शिरायचे. हिंदुस्थानात काडतुसाच्या निवडीवरून पहिला मोठा वाद १८५७ साली झाला. एन्फील्डच्या काडतुसाला गायीडुकराची चरबी लावली आहे, ही कुजबुज त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला सुरू झाली आणि मार्चमध्ये शेजारच्या बराकपूरला मंगल पांडेनं बंदूक उचलली. ‘चुकीचं काडतूस निवडलं की कंपनी बुडते, ती अशी,’ हे मामांचं तात्पर्य. पुढे त्याच डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी मऊ टोकाची गोळी लढाईसाठी काढली. सरहद्दीवरचे पठाण कडक टोकाची गोळी खाऊनही अंगावर येत, म्हणून हा उपाय. तिच्या जखमा बघून युरोप हादरला आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत ठराव झाला, की अंगात पसरणारी गोळी युद्धात माणसावर झाडायची नाही.

‘म्हणजे बघ,’ मामा चष्मा काढून म्हणायचे, ‘लढाईत जी गोळी निषिद्ध, तीच शिकारीत योग्य. माणूस भोक पाडून जगला तर जगू दे, असं सभ्य राष्ट्रांनी ठरवलं. हरणाला तशी सवलत नाही, कारण हरणाला इस्पितळ नाही. त्याला जगवायचं नसेल तर निदान लटकत तरी ठेवू नये.’

आपल्याकडे .३१५ का, याचंही उत्तर तयार असे. लष्कराची .३०३ रयतेच्या हाती द्यायला साहेब तयार नव्हता. काडतुसं चोरीला जातील आणि उलटी साहेबावरच येतील ही धास्ती. म्हणून शिकारीसाठी लष्कराला न चालणारं माप. ‘साहेबाचं गणित चांगलं होतं,’ हा मामांचा अभिप्राय. गणिताच्या बाबतीत ते पक्षपात करत नसत.

या सगळ्या शास्त्रचर्चेला मामींनी एका श्रावणात जे उत्तर दिलं, ते आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. पुराण ऐकून त्या नुकत्याच परतल्या होत्या. ओटीवर ग्रेन आणि वेग आणि टोक चाललेलं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पंडूनं हरीण मारलं, तो हरणाच्या रूपातला ऋषी निघाला, शाप बसला. दशरथानं जनावर समजून बाण सोडला, तिथं श्रावणबाळ. रामानं हरणामागं धाव घेतली, ते राक्षस निघालं आणि इकडं सीता गेली. जरा व्याधाला कृष्णाचा पाय हरणासारखा दिसला, आणि यादवांचा शेवटचा दिवा विझला. एकटा दुष्यंत तेवढा बचावला, कारण ऋषींनी त्याला बाण खाली ठेवायला लावला. यातल्या एकाचा तरी बाण चुकीचा होता का हो? सगळ्यांचे बाण चांगले होते. नेमही चांगले होते.’

एवढं बोलून त्या आत गेल्या. चाचा म्हणाले, ‘मास्तर, भाभींनी दोन्ही नळ्या झाडल्या.’

मामा मात्र हसले नाहीत. आणि त्या दुपारी जेवण झाल्यावर, चूळ भरायच्या आधी, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ओटीवर ती त्यांनी कधीच सांगितली नव्हती.

१९६८ चा पौष. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. वाड्याच्या रानात मामा आणि मुंबईहून आलेले दोन पाहुणे. मामांकडची मऊ टोकाची काडतुसं संपलेली. पाहुण्यांपैकी एकाकडे त्याच मापाची कडक टोकाची होती, ती त्यानं दिली. गोळी ती गोळी, असं तेव्हा मामांनाही वाटत होतं. उजाडताना ऐंशी पावलांवर सांबर आडवं उभं राहिलं. नेम बरोबर बसला. सांबर एकदा गुडघ्यावर आलं, उठलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. दिवसभर हे तिघे आणि गावचा एक वारली म्हातारा रक्ताच्या थेंबांमागे फिरले. आधी पानापानावर थेंब होते, मग चार पावलांवर एक, मग चाळीस पावलांवर एक. अंधार पडताना एका ओहोळापाशी माग संपला. पाहुणे म्हणाले, सोडा हो मास्तर. मामा दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरलेली दिसली, तेव्हा कळलं कुठं ते. ओहोळाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून दहा पावलांवर.

‘दोन रात्री,’ मामा म्हणाले. ‘मी हिशेब केला. गोळीचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात, आवाजाचा तीनशे चाळीस. ऐंशी पावलांवर गोळी आधी पोचते, बार मागून. नीट लागली असती तर त्याला बार ऐकूसुद्धा आला नसता. पण त्यानं ऐकला. मान वळवून माझ्याकडे बघितलं त्यानं.’

त्यानंतर मामांनी रायफल कधी उडवली नाही. डुकरांवरसुद्धा नाही, खाचरात डबे वाजवायला माणूस ठेवला. आणि मऊ टोक, कडक टोक, ग्रेन, तोळा, डमडम, हेग हा सगळा अभ्यास मामांनी त्यानंतर केला! पेपर देऊन आल्यावर पुस्तकं विकत घेणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिलेला नाही. रायफल ठेवायची कशाला मग, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘विकली असती तर दुसऱ्या कुणीतरी घेतली असती. त्यानं कुठली गोळी घातली असती, काय भरवसा?’

मामांच्या या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग आयुष्यात एकदाच झाला, तो असा.

१९८४ चा मे महिना. १९७० नंतर भिवंडीत पुन्हा दंगल पेटली. मी कॉलेजच्या सुट्टीत मामांकडेच होतो. भिवंडीच्या माणसाला झोप लागते ती मागांच्या खडखडाटात. त्या रात्री संचारबंदीत सगळे माग बंद, आणि त्या शांततेनं कुणाचाच डोळा लागत नव्हता. दूर कुठंतरी उजेड दिसे, तो कशाचा हे कुणी विचारत नसे. दुसऱ्या रात्री आळीतली पाच-सहा पोरं दारात आली. निम्मी मामांच्या हाताखालून गेलेली.

‘सर, रायफल काढा. गच्चीवर बसा. तुमच्या घरात असून काय उपयोग?’

मामा दारातच उभे राहिले. आत मामी, मी, आणि आमचे श्वास. मामांनी घसा साफ केला आणि वर्गात बोलत त्या आवाजात सुरुवात केली, ‘माझ्याकडे दहा काडतुसं आहेत. दहाही मऊ टोकाची. मऊ टोकाची गोळी माणसावर चालवायची नाही, असं १८९९ साली हेग इथं ठरलेलं आहे.’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

‘का ठरलं, तेही सांगतो. बसा.’

आणि मामांनी त्या अंधारात, उंबऱ्यावर हात टेकून, वेष्टण म्हणजे काय इथपासून सगळं सांगितलं. गोळी आत गेल्यावर काय करते. हाड कसं फुटतं. सांबर दोन रात्री कसं जगतं. पाऊण तास. पोरांना उठून जाता येईना. मास्तर शिकवत असताना उठायची सवयच नव्हती. शेवटी एक जण म्हणाला, ‘सर, जाऊ का?’ मामा म्हणाले, ‘सरळ घरी जा. आईला सांग, सरांनी पोचवायला सांगितलंय.’ गेली. घरीच गेली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळ होताच मामांनी शेजारच्या डॉक्टरांकडून ठाण्यात फोन केला, की रायफल आणि काडतुसं येऊन घेऊन जा. जीप आली. मामा चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन खाली उतरले, मी काडतुसांचा डबा घेऊन मागे. जीपच्या मागच्या बाकावर आधीच एक दुनळी आडवी पडली होती. दस्त्याला हिरवं सूत.

मामा तिच्याकडे जरा वेळ बघत उभे राहिले. मग आपली रायफल त्यांनी तिच्या शेजारी ठेवली, आणि चादरीचं एक टोक काढून दुनळीवर घातलं. हवालदार म्हणाला, ‘काय करताय मास्तर?’ मामा म्हणाले, ‘रस्त्यात खडखड होईल.’

माग सुरू झाल्यावर तिसऱ्या रविवारी चाचा ओटीवर आले. दोघंही बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग मामांनी विचारलं, ‘तुमच्याकडेही आली होती पोरं?’

‘आली ना.’

‘काय सांगितलंत?’

‘मी काय तुमच्यासारखा शिकलेला आहे? सांगितलं, एल.जी. संपलंय.’ चाचांनी बशीत चहा ओतला. ‘डबा भरलेला होता मास्तर. पोरांच्या डोक्यावरच्या फळीवर.’

शिकारीचा जमाना तोवर सरलाच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवान्याचं दार किलकिलं ठेवलं होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही लावून घेतलं. आता चितळ काय, सांबर काय, कुठलीच गोळी योग्य नाही, सगळ्या सारख्याच बेकायदा. पण ओटीवरच्या वादाला याची झळ लागली नाही. उलट हरीण मधे न आल्यामुळे तो अधिक शुद्ध झाला. २०११ साली चाचा गेले. त्यानंतर रविवारी मामा दोन्ही बाजूंनी वाद घालू लागले. आधी चाचांचा मुद्दा मांडायचा, मग त्याला उत्तर द्यायचं. अलीकडे तर चाचांचे मुद्दे त्यांना जास्त पटू लागले होते.

वय झालं तशा दुसऱ्या गोळ्या घरात आल्या आणि मामांनी त्यांनाही तेच शास्त्र लावलं. औषधाच्या दुकानात जाऊन ते ‘दहा ग्रेनची पॅरासिटॅमॉल’ मागत. पोरगा गोंधळला की समजावत, की ६५० मिलिग्रॅम म्हणजे दहा ग्रेन; जुन्या डॉक्टरांची ॲस्पिरिन ३२५ ची, म्हणजे पाच ग्रेन; तेच माप, तोच दाणा. ‘सुद्धा बघून घे,’ मला म्हणाले, ‘हिचंही तत्त्व तेच. योग्य गोळी ती, की जी आत जाऊन पसरते आणि बाकी कुठं त्रास देत नाही.’ दुकानदारानं मला हळूच विचारलं, आजोबा कुठल्या कंपनीत होते? मी म्हटलं, ईस्ट इंडिया.

पंचाऐंशी झाल्यावर मामांनी रायफल कायमची जमा केली. टेबलापलीकडच्या तरुण कारकुनानं कागद चाळले, काडतुसं मोजली आणि मान वर केली. ‘दहाच्या दहा? शेवटची गोळी कधी झाडलीत?’

‘एकोणीसशे अडुसष्ट.’

‘मग एवढी वर्षं लायसन कशाला चालू ठेवलंत, आजोबा?’

मामा म्हणाले, ‘सांभाळायला कुणीतरी लागतं.’ कारकुनानं ते कारणाच्या रकान्यात लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. येताना मामांनी चादर तेवढी घडी करून परत आणली.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना तानसाला नेलं. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे दोन्ही असहकारात. नाशिक रस्त्यानं आटगावपर्यंत आणि तिथून आत. तलाव १८९२ सालचा, त्याचं पाणी मुंबईला जातं. भोवतीचं रान १९७० पासून अभयारण्य. मुंबईकर नळाखाली तांब्या धरतो तेव्हा तो आणि भेकर एकाच पाणवठ्यावर आलेले असतात, हे त्याच्या गावी नसतं. मामांना एका दगडावर बसवलं. ऊन उतरत होतं. तासभर काहीच घडलं नाही. मामा गुडघा चोळत होते आणि मी परतीच्या रस्त्यावर ट्रक किती लागतील याचा हिशेब करत होतो.

एवढ्यात समोरची पानं वाजली आणि एक भेकर उघड्यावर आलं. लहानसं, तांबूस, पायाच्या काड्या. आडवं उभं राहिलं. मी मनातल्या मनात पावलं मोजली. ऐंशीच्या आतबाहेर असेल. मामांची पाठ ताठ झाली होती. इतकी वर्षं ऐकलेला तो प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला.

‘मामा, याला कुठली?’

मामांनी मागं न बघताच माझ्या मनगटावर हात दाबला.

‘शू! बोलू नकोस. पळेल ते.’